आधी जवळा निवड

माझ्या फाईलवर औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांची सही आहे, समुपदेशकांच्या नोंदी आहेत. त्या दोघांचं सांगणं माझ्या अंगी लागलं ते मात्र माझ्या सासूबाईंमुळे, आणि त्यांची नोंद कुठेच नाही. ती करायची राहू नये म्हणून हे लिहिते आहे.

डोंबिवलीहून लग्न होऊन जासईला आले तेव्हा एडीएचडी म्हणजे लहान मुलांचं काहीतरी, एवढंच मला ठाऊक होतं. पुढे मुलाची तपासणी झाली. डॉक्टर आईवडलांच्या बालपणाबद्दल विचारू लागल्या आणि एकेक उत्तर माझंच निघत गेलं. यात नवल नव्हतं. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा 70 ते 80 टक्के आढळतो. खुणा वयाच्या बारा वर्षांआधी दिसलेल्या असाव्या लागतात, निदान मात्र चाळिशीतही होऊ शकतं.

विसरभोळेपणा आणि अर्धवट टाकलेली कामं सगळ्यांना दिसतात. भावनांचा भडका निदानाच्या मुख्य निकषांत नाहीच, पण घरच्यांना सोसावा लागतो तो हाच. नणंदेचा साधा शब्दही माझ्या वर्मी लागायचा. रडू, संताप, माहेरी निघायची तयारी, सगळं एकदम. तासाभराने माझ्या मनात त्यातलं काही उरत नसे, समोरच्याला मात्र ते चार दिवस पुरे.

अशा वेळी ‘शांत हो’ असं आई, म्हणजे सासूबाई, कधी म्हणाल्या नाहीत. सुक्या जवळ्याचं सूप त्या माझ्यापुढे सरकवायच्या. “पयला ह्यो निवड, मंग बोल.”

जवळ्यात गवताच्या काड्या असतात, शिंपल्यांच्या कपच्या, इवल्याशा कुर्ल्या, एखादा चुकार मासा. बोटांनी पसरून, सूप उजेडाकडे कलतं करून बघावं लागतं. हात गुंतले की डोकं जरा सैल होतं. अर्धं सूप होईतो मी बोलायला लागलेली असे, पण आवाज उतरलेला. आईही माझ्याकडे न बघता निवडत राहायच्या आणि ऐकायच्या. कधी मधेच म्हणायच्या, “ती बरोबर नाय बोलली.” राग उगाचचा नव्हता, हे कुणीतरी मान्य केलं की त्याची धार निम्मी व्हायची. आणि दुसऱ्या दिवशी कालचा विषय चहाबरोबर निघत नसे.

भावना उसळणं आणि माणसाने त्यावर काही करून बसणं, यांच्यामधली उसंत एडीएचडीत तोकडी पडते, असं पुढे समुपदेशकांनी समजावलं. ती स्वतःच्या निग्रहावर सोडायची नाही, बाहेरून आधार लावायचा. गोळ्यांनी माझं लक्ष टिकायला लागलं, पण कुठे किती बोलायचं ते गोळी सांगत नाही. मला उसंत मिळत होती ती आईंच्या सुपातून, कित्येक वर्षं आणि उसनी.

त्यांचं दुसरं देणं याहून मोठं. राग आवरणं म्हणजे तो गिळणं, असं मी धरून चालले होते. जासई हे न्हावा-शेवा बंदराच्या वाटेवरचं गाव, कंटेनरचे ट्रेलर रात्रंदिवस चालू. एकदा एकाने आमच्या आळीच्या तोंडावरच ट्रेलर उभा केला. आई पदर खोचून गेल्या आणि असा आवाज चढवला की शेजारीपाजारी बाहेर आले. पोरसवदा ड्रायव्हर हिंदीत म्हणाला, यार्डाची वाट चुकलीय, सकाळपासून पोटात काही नाही. आईंचा आवाज जागच्या जागी खाली आला. हातवारे करून त्यांनी रस्ता दाखवला, मला घरातून भाकरी आणायला लावली, आणि निघताना पुन्हा दटावलं, “परत हितं लावशील तं बघ!” तिन्ही वेळा त्या खऱ्याच होत्या.

कोलंबिया विद्यापीठातल्या जॉर्ज बोनॅनो आणि सहकाऱ्यांनी 2004 साली याच कौशल्याचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कच्या महाविद्यालयीन मुलांचा तो मागोवा होता. ज्यांना भावना दाखवताही येत होत्या आणि आवरताही येत होत्या, त्यांना दुसऱ्या वर्षाअखेर मानसिक त्रास कमी होता. भावनिक लवचीकता म्हणतात ती हीच.

आईंच्या पिढीला ती परिस्थितीने शिकवली. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला संपादित जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी इथे आंदोलन पेटलं, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. आंदोलनाचे नेते दि. बा. पाटील याच गावचे. रस्त्यावर उतरलेली माणसं सरकारशी बोलणी करायलाही बसली, आणि साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व त्या लढ्यातून आलं. आई तेव्हा नव्या नवरी होत्या. गोळीबाराचं सांगताना त्यांचा आवाज आजही कापतो, आणि त्याच दमात कुणाकडे किती माणसं जेवून गेली तेही त्या सांगतात.

आता मुलाचा पारा चढतो तेव्हा आधार लावायची पाळी माझी. जवळ्याच्या वासाने त्याला मळमळतं, म्हणून मी त्याच्या हातात फडकं देते आणि सायकलची साखळी पुसायला बसवते. मीही शेजारी बसते, त्याच्याकडे न बघता. आईंनी ते एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, “बरा हाय. सायकल तरी चकचकीत ऱ्हाईल.”