उलटा करून पाहिलेला कपडा

घाटंजीला माझं शिलाईचं लहानसं दुकान आहे. ब्लाउज, परकर, पिको-फॉल हे रोजचं काम; पण गेल्या काही वर्षांत लहान पोरांचे रेडिमेड कपडे दुरुस्तीला जेवढे येतात, तेवढे नवे शिवायला येत नाहीत. दिवाळी सरली की रीघ लागते. मांडी घालून बसताना उसवलेली पॅन्ट, रनर निघून हातात आलेली चेन, गळा सैल होऊन खांद्यावरून घसरणारा टी-शर्ट, टिचबटण कापडासकट उपटलं गेलेलं झबलं. कोणता कपडा कुठून जाणार हे त्यामुळे मला नवा कपडा पाहूनच सांगता येऊ लागलं, आणि गल्लीतल्या बाया खरेदीला जाताना मला सोबत ओढू लागल्या. "वयनी, चाला ना संगं. तुमाले कपड्यातलं समजते." जाते मी. दुकानदार तोंड वाकडं करतात, त्याचीही सवय झाली.

बहुतेक जणी कपडा समोरून बघतात. रंग बघतात, छातीवरचं कार्टून बघतात, बोटांनी मऊपणा बघतात. स्वस्त कपड्यात सगळा पैसा तिथेच लावलेला असतो. मऊपणावर तर मी अजिबात जात नाही; कापडाला शेवटी जे रसायन लावतात त्यानं कसलंही कापड दुकानात लोण्यासारखं लागतं, दोन धुण्यांत ते निघून जातं आणि खालचं खरं कापड वर येतं. मी कपडा हातात आला की आधी उलटा करते. अंगठ्याच्या वरच्या पेराएवढ्या लांबीत, म्हणजे इंचभरात, दहा-बारा टाके असले तर शिलाई बरी. सहा-सातच असले तर मशीन पळवलेलं आहे. टाका लांब केला की दिवसाला जास्त नग निघतात आणि दोराही वाचतो. नगावर मजुरी घेणाऱ्या कारागिराला मी यात दोष देत नाही, मीही नगावरच कमावते. पण लेकरू शाळेच्या फरशीवर बसतं-उठतं तेव्हा ती टीप त्याच्या बुडाखाली असते. म्हणून शिलाईच्या दोन्ही बाजू चिमटीत धरून आडवं ताणते. टाक्यांच्या मधून उजेड दिसला तर पुढं बघतच नाही.

त्यानंतर माया. टीप आणि कापडाची कड यांच्यात अर्धा इंच कापड सोडलेलं असेल तर फ्रॉक पुढच्या वर्षी उसवून सैल करता येतो. स्वस्त मालात तिथं ओव्हरलॉकच्या दोऱ्यापुरतीच जागा असते, तीन-चार मिलिमीटर. कापड वाचवायचं तर तिथेच वाचतं, कारण गिऱ्हाईक तिथं बघत नाही. ज्या घरात पोरगं वाढलं की नवा कपडा येतो, तिथं मायेचं काही अडत नाही. माझ्या गिऱ्हाइकांचा हिशेब वेगळा. मोठीचा फ्रॉक मधलीला, मधलीचा धाकटीला. त्यापायी कित्येक जणी दोन मापं मोठाच कपडा उचलतात, बाह्या दुमडून घालतात, आणि तो नीट अंगात बसेपर्यंत त्याचा गळा गेलेला असतो. मी सांगते, एकच माप मोठं घ्या आणि घेराची खालची पट्टी बघा. दोन बोटं दुमड असेल तर तो फ्रॉक पुढची दिवाळी बघतो.

टी-शर्टाचं तंत्र निराळं. गळ्याच्या पट्टीत मूठ घालून ताणायची आणि सोडायची. पट्टी तत्काळ जागेवर आली तर ठीक, कडेला लाटा राहिल्या तर त्या राहिल्याच. मग दोन्ही खांदे धरून लोंबता ठेवायचा. बगलेतली शिलाई सरळ खाली उतरली पाहिजे. ती पोटाकडे वळलेली असेल तर धुतल्यावर आणखी वळते, आणि पोरगं कायम तिरपं उभं असल्यासारखं दिसतं. होजिअरीचं कापड यंत्रावर गोल विणतात, सुताचा पीळ त्यात मोकळा होऊ बघत असतो. विणल्यावर कापड पुरेसं सुस्त पडू न देता घाईनं कापलं की हा वळसा येतो. इस्त्रीनं तो जात नाही. माझ्याकडे आणून उपयोग नाही, मलाही तो काढता येत नाही.

आता 'शंभर टक्के कॉटन'. शंभर रुपयांच्या टी-शर्टवर ही चिठ्ठी दिसली की माझ्या मनात उलटा हिशेब सुरू होतो, कारण आमच्या घरी कोरडवाहू कापूस आहे. पाच-सहा वर्षांच्या पोराचा टी-शर्ट वजनाला शंभर ग्रॅमच्या आसपास भरतो. कापताना कापड वाया जातं, सूत काढताना कचरा आणि आखूड तंतू निघतात, म्हणजे मुळात सव्वाशे-दीडशे ग्रॅम रुई हवी. एक क्विंटल कापसातून जिनिंगमध्ये ३३ ते ३५ किलो रुई मिळते, बाकी जवळजवळ सगळी सरकी. तेव्हा एका टी-शर्टामागे चारशे ग्रॅमच्या आसपास कापूस गेला. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे बत्तीस-तेहतीस रुपये कापसाचेच. सरकीचे पैसे वजा केले तर थोडे कमी. उरलेल्या रकमेत सूत काढायचं, विणायचं, रंगवायचं, कापायचं, शिवायचं. मग तो माल तिरुपूर नाही तर कोलकात्याहून नागपूरच्या गांधीबागेत किंवा अमरावतीच्या बिझीलँडमध्ये यायचा, तिथून आमच्याकडे, आणि वाटेतल्या प्रत्येकानं आपलं काही ठेवून घ्यायचं. जमतच नाही असं नाही. आखूड तंतूच्या सुतात आणि पातळ विणीत जमतं. परदेशी जाताना किरकोळ खोटीपायी मागं राहिलेला माल असेल, मानेचं लेबल कापलेला, तर फारच छान जमतं. असा टी-शर्ट मी शंभराला डोळे झाकून घेते. एरवी त्या चिठ्ठीच्या आत पॉलिस्टर आहे असं धरून चालते.

खात्री घरी करता येते. आतल्या शिवणीत कापडाची मोकळी कड असते, तिथला एक धागा ओढून काडीनं पेटवायचा. शिवणीचा दोरा घ्यायचा नाही, तो बहुतेक पॉलिस्टरचाच असतो. सूत कागदासारख्या वासानं जळतं आणि बोटात चिरडलं तर राखेची भुकटी होते. पॉलिस्टर वितळतं, काळा धूर सोडतं आणि थंड झाल्यावर कडक मणी उरतो. मिश्र कापडात राखही मिळते आणि बोटाला टोचणारे कणही. पाण्याचा थेंब टाकून बघा असंही लोक सांगतात, पण कोऱ्या कापडावर तो फसवतो. वर लावलेल्या रसायनामुळे शुद्ध सुती कापडावरही थेंब तसाच बसून राहतो. दोन धुणी झाल्यावरच त्या परीक्षेला अर्थ आहे.

दसऱ्याच्या सुमारास सीतादही, म्हणजे पहिल्या वेचणीची पूजा, करून वेचणीला लागणारी बाई वेचणीच्या मजुरीतून लेकरासाठी जो शर्ट घेते तो पॉलिस्टरचाच निघतो. यावर हळहळणारे मला भेटतात. मला त्यात हळहळण्यासारखं फार दिसत नाही. पॉलिस्टर स्वस्त आहे, लवकर वाळतं, चुरगळत नाही. प्रश्न ते कुणाच्या अंगावर आणि कोणत्या महिन्यात, एवढाच. यवतमाळच्या मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो, तेव्हा तान्ह्या बाळाला पॉलिस्टर म्हणजे गळ्यापासून काखेपर्यंत घामोळ्या. छातीवर रबरी छपाईचं मोठं चित्र असेल तर सुती शर्टातही तेच, कारण त्या चित्रातून वारा जात नाही. चित्राची घडी घालून नखानं खरडा. चीर पडली तर पहिल्या इस्त्रीतच ते उलणार.

शाळेच्या गणवेशाला मात्र मी उलट सल्ला देते. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या लेकरांना समग्र शिक्षातून वर्षाला दोन गणवेश मिळतात, एकामागे ३०० रुपये. २०२४-२५ मध्ये राज्यानं 'एक राज्य, एक गणवेश' आणलं, कापड वरून आलं आणि शिलाई महिला बचत गटांकडे गेली. राज्यभरातून उशिराच्या आणि मापाच्या तक्रारी आल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवायचं ठरलं. त्यानंतर जवळच्या एका शाळेच्या समितीनं मला नमुने बघायला बोलावलं. समितीतल्या एका भाऊंना सुतीच हवं होतं. मी म्हटलं, "भाऊ, जुलैत दोनच गणवेश अन् आठ दिवस झड. रात्री धुतलेला सकाळी कोरडा पाहिजे ना?" पॉलिस्टर जास्त नि सूत कमी असलेलं कापड तिथं बरोबर. मी बघितलं ते वेगळंच: कापड चुरडल्यावर खळीची पांढरी भुकटी बोटांना लागते का, खिशाच्या तोंडाला दोन्ही कोपऱ्यांत आडवा टाका आहे का, आणि पॅन्टीच्या बुडाला दुहेरी टीप आहे का. खिसा आणि बूड, शाळेच्या कपड्याचं आयुष्य या दोन जागी ठरतं. बाकी शर्टाचं बटण तुटलं तर आई लावते.

जीन्सचं एक गमतीचं. यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत रेमंडचं डेनिम तयार होतं, पण आमच्या बाजारात पोरांच्या जीन्स येतात त्या उल्हासनगरच्या नावानं. रंग जातो का ते बघायला ओला पांढरा रुमाल कपड्यावर घासतात. लाल, काळ्या, मरून टी-शर्टाला ही परीक्षा उत्तम. रुमाल रंगला तर तो कपडा बादलीतल्या सगळ्यांना रंगवणार. जीन्सवर मात्र निळा डाग येणारच, चांगल्या जीन्सवरही येतो, कारण नीळ धाग्याच्या आत शिरत नाही, वर बसते. त्यापायी जीन्स नाकारू नका. नाकारायची तर चेन पाहून नाकारा. पाच वर्षांच्या पोराला घाईच्या वेळी स्वतःला उघडता येत नसेल अशी चेन आणि असं कडक बटण काय कामाचं? त्या वयाला इलॅस्टिकच बरं, आणि तेही नेफ्यात मोकळं घातलेलं. टीप मारून कापडाला जखडलेलं इलॅस्टिक सैल झालं की बदलायला अर्धी पॅन्ट उसवावी लागते.

भडक रंगाच्या फार स्वस्त मालाबद्दल मी आणखी एक पथ्य पाळते. काही अझो रंगांवर आपल्या देशात १९९७ पासून बंदी आहे, पण बाजारात टांगलेल्या झबल्यात कोणता रंग आहे हे डोळ्यांना दिसत नाही. तान्ह्या बाळाला फिका रंग घ्या आणि घालण्याआधी धुवा. टोपीच्या जर्किनला गळ्याशी नाडी असेल तर ती मी दुकानातच ओढून काढायला लावते. झोपाळ्याला, ऑटोच्या दांडीला अडकली तर गळ्याला फास. विलायतेत त्यावर नियम आहेत, आपल्याकडे आईचे डोळे आहेत. टिचबटण आणि मोती तर दातानं ओढूनच बघते. दुकानदार म्हणतो, "ताई, माल उष्टा करता काय?" मी म्हणते, "लेकरूही तोंडातच घालणार आहे, भाऊ."

या सगळ्या शहाणपणाला नेटचा फ्रॉक जुमानत नाही. आत कडक कॅनकॅन, त्यावर चमकीची जाळी, छातीवर डिंकानं चिकटवलेल्या टिकल्या, पाठीत अडकणारी चेन, माया शून्य. माझ्या कोणत्याही परीक्षेत तो बसत नाही. पण सात वर्षांच्या पोरीची परीक्षा एकच, गोल फिरल्यावर घेर किती फुलतो. गेल्या दिवाळीत शेजारच्या एका काकूंच्या नातीसाठी आम्ही दुकानभर फिरलो. मी सुती, दोन बोटं दुमड असलेला, दहा टाक्यांचा फ्रॉक काढून दिला. पोरीनं त्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती आरशासमोर नेटच्या फ्रॉकात फिरत होती. काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काय करू मंग? वर्साचा सन हाय."

घेतला. तीनशे वीसचा तीनशेला. दुसऱ्याच दिवशी तोच फ्रॉक माझ्या दुकानात, कंबरेभोवती लाल पुरळ उठलं म्हणून. मी कॅनकॅनची टोचणारी कड दुमडून तिच्यावर पट्टी बसवली, आतून बगलेपासून गुडघ्यापर्यंत सुती अस्तर लावलं आणि पाठीच्या चेनीखाली कापडाची जीभ शिवली. काकूंनी पैसे विचारले. ऐंशी म्हटलं.

"बाप्पा! फ्रॉक तीनशेचा न् अस्तर ऐंशीचं?"

"अस्तर पुढच्या साली दुसऱ्या फ्रॉकाले लावता येते, काकू. हा फ्रॉक काही राह्यत नाही तोवर."

साठ दिले त्यांनी. वीस पोळ्याला देते म्हणाल्या.