काम थांबले, की थांबवले?

साहित्याच्या तौलनिक अभ्यासकाला कायद्याचे वाचन वर्ज्य असू नये. अभ्यागत प्राध्यापक म्हणून चेन्नईत पेरुंगुडीला राहावयास आल्यापासून तमिळ अक्षरे जुळवीत वाचण्याचा छंद मला जडला आहे. संपाला तमिळमध्ये ‘वेलैनिरुत्तम’, म्हणजे काम थांबवणे, म्हणतात. टाळेबंदीला ‘कदवडैप्पु’, म्हणजे दार बंद करणे. पहिल्या शब्दाचा कर्ता कामगार, दुसऱ्याचा मालक. चूल मात्र दोहोंनी सारखीच विझते.

कायद्याचे सारे लक्ष या कर्त्यावर असते. ब्रिटनच्या १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने काही धंद्यांतील कामगारांना बेकारीभत्ता दिला. पण कामाच्या ठिकाणीच औद्योगिक तंट्याने काम थांबले, तर ते थांबले असेतो कामगार अपात्र. आपल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफच्या काळात निम्म्या वेतनाची भरपाई होती. त्याच कारखान्याच्या दुसऱ्या विभागातील संपामुळे ले-ऑफ झाला, तर मात्र तीही नाही. स्वतः संपावर नसलेला मनुष्यही अशा रीतीने दुसऱ्याच्या क्रियापदात ओढला जाई.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लक्ष गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा त्यांच्यासाठी बेकारीभत्त्याची योजनाच नव्हती. कर्मचारी राज्य विमा महामंडळाने ती २००५ मध्ये आणली, तीही कारखाना बंद पडल्यास किंवा कपात झाल्यास. बेकायदा ठरलेला संप तिने वगळला आणि टाळेबंदीही वगळली. म्हणजे दार मालकाने लावले, तरी भत्ता नाहीच.

माझे एक मामा त्या संपात होते, बदली कामगार. पुढे ते कोकणात गावी परतले. कोणी विचारले तर ‘बेकार आहे’ असे ते कधी म्हणत नसत. ‘गिरणी बंद आहे’ म्हणत. आपल्या भाषेत ‘बेकार’ म्हणजे टाकाऊही, हे त्यांना ठाऊक असावे. ‘गिरणी बंद आहे’ या वाक्यात बंद करणारा कोणीच नाही.

विम्याच्या दाव्यांसाठी १९४८ च्या कायद्याने विमा न्यायालय दिले होते, आणि कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर उच्च न्यायालयात अपीलही. अपील म्हणजे एकाच घटनेचे दुसरे वाचन. परंतु ज्याला दावाच करता येत नाही, त्याला अपील कुठले? तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरणगावाचे साहित्य शिकवताना म्हणून मी विद्यार्थ्यांना आधी क्रियापदे पाहावयास सांगतो: काम थांबले, की थांबवले, आणि हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे होता?