पाण्यात कोणी आहे का?

आमच्या घरी हौदाची मोटर चालू करायची असेल तर आधी मोठ्याने विचारावं लागतं, "पाण्यात कोणी आहे का?" विचारून भागत नाही. हौदापर्यंत चालत जायचं, चारही कोपरे डोळ्यांनी बघायचे आणि मगच स्टार्टरचं हिरवं बटण दाबायचं. रात्री दहा वाजता, घरात सगळे झोपलेले असतानाही आमचे अब्बा असं विचारतात. नवीन पाहुण्यांना हसू येतं. आम्हाला गेल्या उन्हाळ्यापासून येत नाही.

गेवराईहून शेवगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं उमापूर. गावाला लागूनच आमचं शेत, त्यात घर, मागे मोसंबीची बाग. आमचा धाकटा भाऊ आखातात नोकरी करतो. दोन वर्षांपूर्वी सुट्टीवर आला तेव्हा त्याने हट्टाने घरामागे पोहण्याचा हौद बांधला. वीस फूट लांब, बारा फूट रुंद, साडेतीन फूट पाणी. म्हणजे जवळपास चोवीस हजार लिटर.

दादींना हे मुळीच पटलं नव्हतं. त्यांनी बहात्तरचा दुष्काळ डोळ्यांनी पाहिलेला. खडी फोडायला गेलेल्या बाया आणि घागरभर पाण्यासाठी लागलेल्या रांगा त्यांना अजून आठवतात. "बीड जिल्ह्यात राहून पाण्यात खेळता?" एवढंच त्या म्हणाल्या. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणून ठरलं की हौदातलं पाणी वाळूच्या फिल्टरमधून फिरवत पुन्हा पुन्हा वापरायचं, आणि बदलायची वेळ आली की सगळं मोसंबीला सोडायचं. एक थेंब वाया जाऊ द्यायचा नाही. या फिरवण्यासाठी दोन हॉर्सपॉवरची मोटर बसवली. ती हौदाच्या भिंतीतल्या तीन इंची तोंडातून पाणी ओढायची आणि फिल्टरमधून परत हौदात सोडायची.

इथवर सगळं ठीक होतं. पण अब्बांचे गुडघे दुखतात, मोटरघरापर्यंत खेपा नकोत, म्हणून भावाने स्टार्टरला मोबाइलवरून चालणारं यंत्र जोडलं. फोनवरून मोटर चालू, फोनवरूनच बंद. मोटर थांबली की फोनवर निरोप यायचा. शिवाय ऑटो स्विचही होता. वीज गेली आणि परत आली की मोटर आपोआप सुरू. आमच्याकडे शेतीच्या फीडरला काही दिवस दिवसा वीज, काही दिवस रात्री. त्यामुळे ही सोय आम्हाला देवासारखी वाटली. भाऊ तिकडून कामाच्या सुट्टीत मोटर चालू करायचा आणि अम्मीला फोन करून सांगायचा, "पाणी फिरायला लावलंय, काळजी करू नका." घरापासून इतका दूर असलेल्या मुलाला तेवढंच घरचं एखादं काम केल्याचं समाधान मिळायचं.

मे महिन्यात बहिणीची मुलं आजोळी आली. दुपारभर हौदातच. त्या दिवशी असरची वेळ झाली होती. मोटर बंद होती. नऊ वर्षांच्या भाच्याला पाण्याखाली जाऊन श्वास रोखण्याचा नाद लागला होता. खाली बसल्यावर धरायला म्हणून त्याने भिंतीतल्या त्या तोंडाच्या कडेला हात लावला. वरची जाळी एका बाजूने निखळलेली होती. ती लावायची आहे, हे आम्हा सगळ्यांना महिनाभरापासून ठाऊक होतं.

नेमकी त्याच वेळी मोटर सुरू झाली.

त्याचा तळवा तोंडावर चिकटला. पाणी साडेतीन फूटच, पण बसलेल्या पोराच्या डोक्यावरून गेलेलं. धाकट्या बहिणीने आरडाओरडा केला म्हणून आम्हाला कळलं. भाभी कपड्यांनिशी पाण्यात उतरल्या. त्यांनी त्याला खांद्याला धरून ओढलं, तरी हात सुटेना. त्याचं तोंड तेवढं त्यांनी कसंबसं पाण्याबाहेर धरलं. अब्बा मोटरघराकडे पळाले. गुडघे दुखणारा माणूस कसा पळाला ते त्यांनाही आठवत नाही. त्यांनी लाल बटण दाबलं आणि हात सुटला.

पोराला पायऱ्यांवर बसवलं. तळव्यावर लालभडक गोल वळ उठला होता. तो रडत होता, म्हणजे श्वास नीट होता. आमचा जीव भांड्यात पडला. अब्बा परत आले आणि ती जाळी बघायला पाण्यात वाकले. बोटांनी चाचपडत होते, तेवढ्यात मोटर दुसऱ्यांदा सुरू झाली.

अब्बांनी हात झटक्याने मागे घेतला. दोन बोटं पत्र्याच्या कडेने कापली. या वेळी आमच्यातल्या एकाने धावत जाऊन लाल बटणाच्या भानगडीत न पडता सरळ मेन स्विच खाली ओढला.

नंतर उलगडा झाला. मोटर चालू केली होती भावाने. त्याला "मोटर बंद झाली" असा निरोप गेला. वीज गेली असेल असं समजून त्याने पुन्हा चालू केली. दोन्ही वेळा त्याने घरच्यांच्या सोयीसाठीच बटण दाबलं होतं.

रात्री व्हिडिओ कॉलवर त्याला सांगितलं तेव्हा तो कितीतरी वेळ बोललाच नाही. अब्बा त्याला रागावले नाहीत. म्हणाले, "बेटा, तुला तिकडून मोटर दिसते. पोरं दिसत नाहीत." जाळीचा दोष तर आम्हा घरातल्यांचाच होता, हेही त्यांनी सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही ओळखीच्या वायरमनला बोलावलं. त्याने आधी हिशेब समजावून सांगितला. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो असतो. तीन इंची तोंडाचं क्षेत्रफळ पंचेचाळीस चौरस सेंटिमीटरच्या आसपास. तोंड पूर्ण झाकलं गेलं आणि मोटरने त्याच्या निम्मी जरी ओढ घेतली, तरी हातावर बावीस किलोंचा जोर बसतो. म्हणजे पोराच्या स्वतःच्या वजनाच्या जवळपास. भाभींच्या ताकदीने हात सुटला नाही, यात नवल नव्हतं. असा अडकलेला माणूस ओढत बसायचं नाही. आधी मोटर बंद करायची.

इंजिनिअरिंग शिकणाऱ्या आमच्या मोठ्या भाचीने मग अमेरिकेतली एक हकीकत सांगितली. तिथले माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात ग्रॅम बेकर 2002 मध्ये गरम पाण्याच्या टबमध्ये अशीच तळाच्या जाळीला चिकटली आणि दगावली. तिच्या आईने पुढे अनेक वर्षं पाठपुरावा केला. त्यातून 2007 मध्ये त्या मुलीच्याच नावाने कायदा झाला आणि सार्वजनिक तलावांत अंग अडकणार नाही अशा जाळ्या सक्तीच्या झाल्या. ऐकताना बहिणीने पोराचा हात घट्ट धरून ठेवला होता.

आम्ही जे बदललं ते इथे लिहितो. कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

पाणी ओढायला आता एकाऐवजी दोन तोंडं आहेत, एकमेकांपासून चार फुटांवर आणि एकाच पाइपाला जोडलेली. एक झाकलं गेलं तरी दुसरीकडून पाणी येतं, ओढ एका जागी साचत नाही. दोन्हींवर फुगीर जाळ्या स्क्रूने पक्क्या बसवल्या. सपाट जाळी एका तळव्याने पूर्ण झाकता येते, फुगीर जाळी येत नाही. जाळी ढिली दिसली तर त्या दिवशी कोणीही पाण्यात उतरत नाही.

ऑटो स्विच काढून टाकला. महावितरण शेतकऱ्यांना हे कधीपासून सांगत आहे. वीज येताच शिवारातल्या सगळ्या मोटरी एकदम उठतात आणि रोहित्रावर ताण पडतो, असं त्याचं कारण. आमचं कारण त्याहून जवळचं. वीज गेलेली असताना माणूस निर्धास्तपणे मोटरला हात घालतो, फुटव्हॉल्व्ह काढतो, विहिरीत उतरतो. पण गेलेली वीज कोणत्याही क्षणी परत येऊ शकते. म्हणून काम करताना मेन स्विच खाली, त्याला कुलूप, आणि किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात.

मोबाइलचं यंत्र मात्र पूर्ण काढलं नाही. मोटरघरात किल्लीने फिरणारा एक स्विच बसवला. पोरं पाण्यात उतरण्याआधी तो "बंद"वर फिरवायचा आणि किल्ली काढून घ्यायची. मग दुबईहून करा की दिल्लीहून, फोनने मोटर चालू होत नाही. शिवाय हौदाच्या काठावरच, पाण्यापासून हात पोहोचणार नाही इतक्या अंतरावर, मोठं लाल बटण लावलं. ते एकदा दाबलं की दाबलेलंच राहतं. कोणी जागेवर येऊन ते हाताने सोडवल्याशिवाय मोटर उठत नाही. सहा वर्षांच्या भाचीलाही ते दाबता येतं, आणि उगाच दाबलं तरी तिला कोणी रागवायचं नाही असं ठरलं आहे.

वायरमनने विजेबद्दलची आमची एक मोठी चुकीची समजूत दूर केली. बोर्डात एमसीबी आहे म्हणजे शॉक लागणार नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. एमसीबी वायरला वाचवते. आमची मोटर दहा अँपिअरच्या आसपास वीज घेते, तेव्हा एमसीबी त्याहून मोठीच असणार. माणसाच्या जिवाला मात्र अँपिअरच्या लहानशा हिश्श्याइतकी वीजही पुरते. त्यासाठी आरसीसीबी वेगळी लागते. वीज गळून जमिनीत जाऊ लागली की तीस मिलिअँपिअरच्या आतच ती पुरवठा तोडते. तिच्यावरचं टेस्टचं बटण आम्ही दर महिन्याच्या पहिल्या जुम्याला दाबून बघतो. मोटरला अर्थिंगचा नवा खड्डा केला. हौदातला दिवा बदलून बारा व्होल्टचा बसवला. पाण्याजवळची टेपने जोडलेली वायर काढून टाकली. आणि एक गोष्ट पोरांकडून पाठ करून घेतली की कोणाला शॉक लागलेला दिसला तर त्याला हात लावायचा नाही, आधी मेन स्विच.

मोटरघरातच आम्ही टीसीएल पावडरची गोणी ठेवत होतो. स्टार्टर उघडला तर आतले तांब्याचे भाग हिरवट पडलेले. टीसीएलच्या वाफेने धातू खराब होतो आणि अशा स्टार्टरवर ऐनवेळी भरवसा ठेवता येत नाही. गोणी आता वेगळ्या, कोरड्या, हवेशीर जागी आहे. पावडर नेहमी बादलीतल्या पाण्यात टाकायची, पावडरवर पाणी ओतायचं नाही, आणि फरशी धुवायच्या अॅसिडजवळ तर ती न्यायचीसुद्धा नाही. दोन्ही एकत्र आले की विषारी वायू निघतो.

दादींचाही यात नंबर लागला. त्या संध्याकाळी गरम पाण्याच्या टबात पाय सोडून बसतात, आणि पाणी निवलं की आम्ही त्याच टबात हिटरचा रॉड सोडत होतो, त्यांचे पाय बाजूला घेऊन. आता आठवलं की अंगावर काटा येतो. रॉड बंद झाला. पाणी दुसरीकडे तापवून आणतो आणि थर्मामीटरने बघतो, चाळीस अंशांच्या वर नाही. दादींना शुगर आहे, पायाला चटका बसला तरी त्यांना लवकर कळत नाही.

शेवटचं काम हौदाभोवतीच्या भिंतीचं. चार फूट उंच, आणि फाटकाची कडी वरच्या बाजूला. पोरं पाण्यात असली की एक मोठं माणूस काठावर बसतं. त्या वेळी त्याच्या हातात फोन नसतो.

गावात हे कळल्यावर शेजारचे एक काका येऊन सगळं बघून गेले. त्यांच्याकडे पोहण्याचा हौद नाही, पण प्लास्टिकचं अस्तर लावलेलं शेततळं आहे. त्या निसरड्या कडेवरून पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. आठवड्याभरात त्यांनी तळ्याच्या चारही बाजूंना गाठी मारलेले दोर सोडले, जुनी ट्यूब हवा भरून टांगली आणि तारेचं कुंपण केलं. खर्च फारसा आला नाही, असं ते म्हणाले.

या ईदला भाऊ सुट्टीवर आला. हौदाकडे जायला त्याचं मन धजत नव्हतं. भाच्यानेच त्याला हाताला धरून नेलं, लाल बटण दाखवलं आणि आपला तळवाही दाखवला. वळ कधीच गेला आहे. संध्याकाळी पोरं वर आली, कपडे बदलून आत गेली. हौद रिकामा होता, ते आम्हाला ओसरीवरून दिसत होतं. अब्बांनी खिशातली किल्ली काढून भावाच्या हातात दिली.

तो मोटरघराच्या दारात उभा राहिला आणि घसा खाकरून त्याने विचारलं, "पाण्यात कोणी आहे का?"

मग हौदाभोवती एक फेरी मारून आला, आणि तेव्हाच त्याने बटण दाबलं.