जाळ बंद केल्यावरची कॉफी

डोंगरावर मुक्कामाला जाणाऱ्यांच्या पाठपिशवीत हल्ली कॉफीची साधनं वाढत चालली आहेत. दाबायची नळकांडी, घडीची गाळणी, कागदी फिल्टर, बॅटरीवर चालणारी घुसळणी अशी दर वर्षी एखाद्या नव्या वस्तूची भर पडते. माझं म्हणणं याच्या उलट आहे. एक पातेलं, त्याला घट्ट बसणारं झाकण आणि जाड दळलेली पूड एवढ्यावर उघड्या माळावर उत्तम कॉफी होते. ती जाळावर होत नाही, जाळ बंद केल्यावर होते. पाणी तापवण्यापुरताच विस्तवाचा संबंध. त्यानंतर पातेलं खाली उतरवून, पूड घालून, झाकण ठेवून कॉफी मुरू द्यायची. हे सोपं वाटतं, पण आपल्या हाताला ते सहज पटत नाही, आणि त्याचं कारण चहा आहे.

कबनूर आणि इचलकरंजी हा यंत्रमागांचा पट्टा. विठ्ठलराव दातारांनी 1904 साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून या गावांचा दिवस पाळ्यांत वाटला गेला आणि पाळीला जोड चहाची. आपला चहा उकळूनच होतो. पत्ती, साखर, दूध, आलं सगळं एकत्र खळखळवायचं, वर येऊ द्यायचं, खाली बसवायचं, पुन्हा वर आणायचं. चहाला ते मानवतंही, कारण उकळताना पत्तीतून उतरणारा तुरटपणा दुधातली प्रथिनं बऱ्याच अंशी धरून ठेवतात. हीच रीत आपण कॉफीला लावतो आणि बिघाड तिथे सुरू होतो. भाजलेल्या बीच्या वजनाचा साधारण तीस टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो, पण तो सगळा पिण्याजोगा नसतो. आधी आंबटसर, फळांची आठवण देणारे घटक उतरतात, मागून गोडसर आणि सर्वांत शेवटी कडू, कोरडे. अठरा ते बावीस टक्के उतरलं की थांबावं, असा या धंद्यातला जुना आडाखा आहे. उकळत राहिलं की आपण ही रेघ ओलांडून कडवटपणाच्या मुलखात शिरतो. शिवाय कॉफीचा सुगंध ज्या द्रव्यांत असतो ती वाफेबरोबर उडून जाणारी असतात. कॉफी उकळू लागली की सगळ्या तळावर वास दरवळतो आणि लोक खूश होतात. पण हवेत गेलेला वास कपात येत नाही.

याला सर्वांत भक्कम पुरावा चवपरीक्षकांचा आहे. कॉफीच्या एखाद्या लॉटला काय भाव मिळावा हे जी माणसं चाखून ठरवतात, त्यांच्या टेबलावर एकही यंत्र नसतं. वाटीत जाड पूड घेतात, 150 मिलिलिटर पाण्याला सव्वाआठ ग्रॅमच्या हिशोबाने. त्यावर सुमारे 93 अंशांचं पाणी ओततात आणि चारेक मिनिटं हात लावत नाहीत. मग वर धरलेली पुडीची साय चमच्याने मोडतात, फेस काढून टाकतात, गाळ बसू देतात आणि चाखतात. बाबा बुडण यांनी मोख्याहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या अशी परंपरा सांगते. त्या डोंगरांतली आजची कॉफीसुद्धा याच पद्धतीने जोखली जाते. ज्या रीतीने कॉफीचे सारे गुणदोष उघडे पडतात, ती रीत पातेल्यात जशीच्या तशी जमते. असं असताना मसाईच्या पठारावर तीनशे ग्रॅमचं यंत्र कशासाठी वाहून न्यायचं, याचं समाधानकारक उत्तर मला मिळालेलं नाही.

सह्याद्रीची उंचीही या रीतीला साथ देते. साधारण तीनशे मीटर वर गेलं की पाण्याचा उत्कलनबिंदू एका अंशाने उतरतो. पन्हाळा समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या किंचित खाली, म्हणजे तिथे पाणी 97 अंशांच्या आसपास उकळतं. 1646 मीटरच्या कळसूबाईवर तर साडेचौऱ्याण्णवच्या जवळपासच. पन्हाळ्याच्या बाजूला पातेलं उतरवून अर्धा मिनिट थांबलं की पाणी हव्या त्या तापमानाला येतं, कळसूबाईवर तेवढंही थांबायला नको. थर्मामीटरची गरज नाही. मोठे बुडबुडे शांत झाले आणि पाण्याचा पृष्ठभाग निवळला की पूड घालावी, चमच्याने एकदाच ढवळून सगळी भिजवावी आणि झाकण ठेवावं. वाऱ्यात मात्र उघडं पातेलं फार लवकर निवतं, म्हणून झाकणाभोवती टॉवेल किंवा लोकरी टोपी गुंडाळायला विसरू नये.

इंधनाचा हिशोबही याच बाजूने कौल देतो. चार माणसांना मिळून 600 मिलिलिटर पाणी धरू. ते वीस अंशांवरून उकळीला न्यायला सुमारे 195 किलोज्यूल उष्णता लागते. छोट्या शेगडीची निम्मी उष्णता वाऱ्यावर जाते असं मानलं तरी हे काम आठ-नऊ ग्रॅम गॅसमध्ये होतं. आता त्याच पातेल्यात कॉफी उकळत ठेवली आणि त्यातलं शंभर मिलिलिटर पाणी वाफ होऊन गेलं, तर तेवढ्या वाफेलाच सव्वादोनशे किलोज्यूल खर्ची पडतात. सगळं पाणी तापवायला लागला त्याहून जास्त जाळ निव्वळ चव बिघडवण्यात जातो. दोन-तीन मुक्कामांच्या वाटेवर, जिथे डबा संपला की दुसरा मिळत नाही, हा फरक सोसण्यासारखा नाही.

‘मग चुलीची मजा कुठे राहिली?’ हा पहिला आक्षेप मी नेहमी ऐकतो आणि तो मनापासूनचा असतो. तीन दगड, वाळकी काटकं, धूर, काळं झालेलं भांडं याला एक रंगत आहे, हे मला मान्य आहे. पण कोल्हापूरकरांचे मुक्काम बहुधा जिथे पडतात तिथे ही रंगत महाग पडते. राधानगरी-दाजीपूरच्या जंगलाला 1958 पासून संरक्षण आहे. अभयारण्यात धोका होईल असा विस्तव पेटवायला 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा मनाई करतो आणि राखीव वनातल्या आगीला 1927 चा वन अधिनियम. उन्हाळ्यात वाळलेल्या गवताला एक ठिणगी पुरते. पावसाळ्यात, जुलैमधल्या पन्हाळा ते पावनखिंड वाटेवर, लाकूड इतकं भिजलेलं असतं की चूल पेटण्याआधी माणसं धुराने रडकुंडीला येतात. एखाद्या वाडीत घराच्या चुलीवर पाणी तापवून मिळालं तर उत्तमच. पद्धत तीच राहते, पाणी तापलं की पातेलं चुलीपासून दूर न्यायचं.

दुसरा आक्षेप गाळाचा. ‘तोंडात चोथा येतो’ ही तक्रार खरी आहे. पण ती पातेल्याची तक्रार नाही, दळणाची आहे. पाण्यात खाली बसणाऱ्या कणाचा वेग त्याच्या जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलतो. कण निम्म्या जाडीचा झाला की तळाला जायला त्याला चौपट वेळ लागतो. दक्षिणी फिल्टरसाठी दळलेली बारीक पूड पातेल्यात घातली तर ती दहा मिनिटांनीही तरंगतच असते. जाड रव्याएवढी पूड चार-पाच मिनिटांत बसते. म्हणून माळावरच्या कॉफीचं निम्मं काम घरी, निघायच्या आदल्या संध्याकाळी होतं. दुकानातून दळून घेत असाल तर सर्वांत जाड दळण मागा. घरच्या मिक्सरमध्ये फिरवत असाल तर थांबत थांबत फिरवा आणि मग पिठाच्या चाळणीने चाळा. हे चाळणं माझ्या मते साऱ्या खटाटोपातलं सर्वांत मोलाचं पाऊल आहे. मिक्सर दाणे सारखे फोडत नाही, तो खडेही करतो आणि धूळही. ती धूळ कॉफी कडू करते, गढूळ करते आणि घशात अडकते. चाळणीखाली पडलेली ती कॉफीरंगाची भुकटी टाकायची नाही, घरच्या दुधाच्या कॉफीला ती चालते. वर उरलेली स्वच्छ, जाड पूड चार जणांना एका वेळेला छत्तीस ग्रॅम अशा मापाने छोट्या हवाबंद पुड्यांत भरावी. एकच मोठी बरणी नेली तर प्रत्येक वेळी ती उघडताना सुगंध जातो आणि सह्याद्रीची ओल आत शिरते.

इतकं करूनही कोणाला गाळून हवी असेल तर कापड वापरावं, आणि कापडाच्या गावात राहणाऱ्याने याबाबत एक सावधगिरी सांगायलाच हवी. मागावरून उतरलेलं कोरं कापड तसंच वापरू नये. विणताना ताण्याचे धागे तुटू नयेत म्हणून सायझिंगमध्ये त्यांना खळ चढवलेली असते. गरम पाणी लागताच ती सुटते आणि कॉफीला चिकट, कांजीसारखी चव येते. कापड गरम पाण्यात रात्रभर भिजवून, चोळून, दोन-तीन पाणी बदलून धुवावं. फडकं भिजलं की बोटांना बुळबुळीत लागतं. तो बुळबुळीतपणा पूर्ण जाईपर्यंत ते गाळायला घेऊ नये. पुढे साबण कधीच लावू नये, कारण धाग्यात राहिलेला साबण प्रत्येक कपात उतरतो. वापरल्यावर लगेच धुऊन वाळवावं. ओल्या फडक्यात कॉफीचं तेल खवट होतं.

थंड पाण्याचा हबका मारला की गाळ झटकन बसतो, असं अनेक जण सांगतात. त्यात तथ्य आहे, पण लोक समजतात तेवढं नाही. गरम पातेल्यात पाणी खालून वर फिरत असतं आणि कणांना उचलून धरतं. हबक्याने ते फिरणं मंदावतं, एवढंच. बारीक पुडीला हबका वाचवू शकत नाही आणि जाड पुडीला त्याची फारशी गरज नसते. कॉफी ओतताना पातेलं एकाच बाजूला सावकाश कलतं करावं आणि तळाचे दोन घोट तळातच सोडावेत, याचा उपयोग कितीतरी अधिक.

तिसरा आक्षेप दुधाचा, आणि आपल्या भागात तो सर्वांत वजनदार. म्हशीच्या दुधावर वाढलेल्या कोल्हापूरला बिनदुधाची कॉफी काढ्यासारखी वाटते. त्यासाठी पद्धत बदलायला नको, प्रमाण बदलावं. तेवढीच पूड निम्म्या पाण्यात मुरवावी, पाच-सहा मिनिटं थांबावं आणि वरचा दाट अर्क वेगळ्या तापवलेल्या दुधात ओतावा. दूध आणि पूड एकत्र उकळू नये. दुधातल्या स्निग्धांशाने आणि प्रथिनांनी पूड लपेटली जाते आणि अर्क नीट उतरत नाही. जायफळ किसायचं असेल तर ते कपात, अगदी शेवटी. त्याचं तेलही वाफेवर स्वार होऊन जाणारंच आहे.

इन्स्टंट कॉफीबद्दल मला तिरस्कार नाही. कोसळत्या पावसात, अंगावर प्लास्टिक ओढून उभं असताना, मोठ्या जथ्याला पाच मिनिटांत काही गरम द्यायचं असेल तर तीच योग्य. तिच्यात चोथा नाही, थांबणं नाही. फक्त कारखान्यात एकदा अर्क काढून, सुकवून ती बनलेली असते. त्यात हरवलेला सुगंध डोंगरावर कोणतंही पाणी परत आणू शकत नाही. ज्याला मुक्काम करायचा आहे, ज्याच्याकडे पहाटेची वीस मिनिटं आहेत, त्याने ती का स्वीकारावी हा माझा प्रश्न आहे.

पाण्याकडे मात्र फार थोडे लोक लक्ष देतात. ऊसपट्ट्यातल्या कूपनलिकांचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. त्यातले क्षार कॉफीतल्या आम्लाला मारतात आणि चव मातकट, सपाट होते. जांभ्याच्या पठारांवरच्या झऱ्यांचं पाणी सहसा मऊ असतं, कारण त्या खडकातले क्षार युगानुयुगांच्या पावसाने आधीच धुऊन नेलेले आहेत. म्हणून घरून बाटल्या भरून नेण्यापेक्षा झऱ्याचं पाणी गाळून, मिनिटभर खळखळून उकळून वापरावं. इथे उकळणं पाण्यापुरतं आहे आणि ते आरोग्यासाठी हवंच.

शेवटी चोथा उरतो. ‘कॉफीचा चोथा म्हणजे खतच, कुठेही टाकला तर काय बिघडतं?’ हे तर्कशुद्ध वाटणारं बोलणं नेमकं या पठारांवर चुकतं. जांभ्याच्या सड्यावरची माती बोटभर जाडीची आणि अतिशय कस नसलेली असते. तिथली कितीतरी फुलं त्या निकसपणालाच जुळवून घेऊन टिकली आहेत. दवबिंदू आणि सीतेची आसवं यांसारख्या वनस्पती किडे धरून खातात, ते जमिनीत नत्र पुरेसा नसल्यामुळेच. चोथ्यात नत्र आहे. तो वर्षानुवर्षं ठरावीक मुक्कामाच्या जागी पडत राहिला तर तिथे दुसरंच गवत माजू शकतं आणि या नाजूक झाडांची जागा घेऊ शकतं. झऱ्यात तर तो अजिबात विसळू नये. चार कपांचा चोथा भिजल्यावर सुमारे शंभर ग्रॅमचा होतो. तो फडक्यात पिळून, रिकाम्या झालेल्या पुडीतच भरून खाली आणावा आणि घरच्या परसात, कढीपत्त्याच्या बुंध्याशी मातीत मिसळावा.