चोर्ल्याच्या वाटेवरील बिनतिकिटाचा उतारू

बेळगावाहून गोव्यात उतरण्यास वाटा अनेक आहेत. कोणी आंबोलीच्या घाटाने जातो, कोणी लोंढ्यावरून अनमोडच्या घाटाने, आणि कोणी जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ल्याच्या घाटाने. यांपैकी ही शेवटली वाट आम्हा खानापूर तालुक्यातील माणसांच्या विशेष जिव्हाळ्याची आहे. एक तर ती जवळची. आणि दुसरे म्हणजे आमच्या कित्येक घरांच्या सोयरिकी तिच्या खालच्या टोकाला जडलेल्या आहेत. या वाटेने मी किती वेळा गेलो-आलो याची गणती नाही. तथापि सन २०२३ च्या डिसेंबरातील एक प्रवास अन्य सर्व प्रवासांहून निराळा ठरला. त्या दिवशी आमच्या जीपगाडीत एक असा उतारू बसला होता, की ज्याला आम्ही कोणी बोलाविले नव्हते.

जांबोटीच्या अलीकडील एका खेड्यात मी तीन दिवसांच्या मुक्कामास गेलो होतो. सुगी सरत आली होती. भाताची कापणी आटोपून खळ्याखळ्यांवर मळणी चालली होती आणि घरोघरी पेंढ्याच्या नव्या गंज्या उभ्या राहिल्या होत्या. यजमानांच्या अंगणात भात वाळत घातले असल्यामुळे मी जीप खळ्याच्या कडेला, गंजीच्या अगदी आडोशाला उभी केली. पहाटे दव फार पडते. तेवढाच गाडीस निवारा, असा माझा विचार.

त्या घरच्या आजी ऐंशीच्या घरातल्या. ओटीवरून त्यांनी हे पाहिले आणि म्हणाल्या, “फादर, गाडी गंजीला लावू नका वो. कापणी झाली की शेतातले उंदीर घराच्या वाटेला लागतात.”

“आजी, माझ्या गाडीत त्यांना खायला काय मिळणार?” असे म्हणून मी हसलो, आणि तो विषय तेथेच राहिला.

तिसऱ्या दिवशी रात्री म्हापशाकडून दूरध्वनी आला. आजींची धाकटी बहीण लग्न होऊन तिकडील एका गावी गेलेली. ती काही महिन्यांपासून अंथरुणाला खिळली होती. आता तिने अन्न सोडले होते आणि ‘माझी बाय आली का?’ एवढेच ती पुन्हा पुन्हा विचारीत होती. या दोघी बहिणींची पाच वर्षांत गाठ पडली नव्हती. मला दुसऱ्या दिवशी पणजीस जावयाचेच होते. तेव्हा आजींना व त्यांच्या कॉलेजात शिकणाऱ्या नातवाला बरोबर न्यावे असे ठरले.

सकाळी नव्या भाताच्या पोह्यांची पुरचुंडी पदराखाली घेऊन आजी गाडीपाशी आल्या. “फादर, ते पुढचं झाकण एकदा उघडून बघा की वो,” त्या म्हणाल्या. मी घड्याळाकडे पाहिले आणि उत्तर दिले, “उशीर होतो आहे, आजी. बसा.” किल्ली फिरविताच इंजिन सुरू झाले. माझे म्हणणे खरे ठरले अशा समाधानात मी निघालो.

जांबोटीच्या बाजारात एका सायकलस्वारास बाजूला सारण्यासाठी हॉर्न दाबला, तो वाजला नाही. पुन्हा दाबला, तरीही नाही. ‘घाटात उतरल्यावर साखळीत पाहू,’ असे मनाशी म्हणून मी पुढे गेलो. वस्तुतः गाडीने मला दिलेली ही पहिली सूचना होती. मनुष्य मात्र आपल्या घाईस सोयीचा तेवढाच अर्थ प्रत्येक सूचनेतून काढतो.

जांबोटीपासून कणकुंबीपर्यंतचा रस्ता ज्याने पाहिला नाही त्याने तो डिसेंबरात अवश्य पाहावा. दोन्ही बाजूंना दाट रान, मधूनच कापलेल्या भाताची पिवळी खाचरे, आणि झाडांच्या शेंड्यांवर रेंगाळणारे धुके. भीमगडचे अभयारण्य याच भागात आहे. कणकुंबी हे बेळगाव जिल्ह्यातील अत्यंत पावसाच्या गावांपैकी एक, आणि मलप्रभा नदीचा उगम याच गावी होतो. ती पूर्वेकडे वाहत जाऊन कूडलसंगमापाशी कृष्णेस मिळते, आणि कृष्णेबरोबर तिचे पाणी बंगालच्या उपसागरास पोहोचते. याच खानापूर तालुक्याच्या रानात उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेची वाट धरते, गोव्यात मांडवी होते आणि अरबी समुद्रास मिळते. एकाच तालुक्याच्या पोटी जन्मलेल्या या दोन नद्यांची पुन्हा भेट नाही. मी हे आजींना सांगितले, तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

कणकुंबी मागे टाकून आम्ही थोडे पुढे गेलो असू. एका लहानशा उतारावर, वळण संपताच, रस्त्याच्या मधोमध एक गाय उभी होती. हॉर्न तर मुका. मी ब्रेकवर पाय ठेवला, आणि तो दगडावर ठेवावा तसा तेथेच राहिला. रोज बोटभर दाबताच खाली जाणारा तो खटका तसूभर हलेना. मी गिअर खाली ओढला, दोन्ही पायांनी ब्रेकवर अंगाचा सगळा भार टाकला आणि हातब्रेकही खेचला. गाडी गायीपासून दोन हातांवर थांबली. गायीने आमच्याकडे शांतपणे पाहिले आणि ती बाजूला गेली. माझे पाय मात्र कितीतरी वेळ थरथरत होते.

चाकांना दगड लावून मी बॉनेट उघडले. त्याच क्षणी बॅटरीच्या कोपऱ्यातून एक थोराड उंदीर उसळला, बाहेर झेपावला आणि कारवीच्या झुडुपांत दिसेनासा झाला. खळ्यापासून कणकुंबीपर्यंतचा प्रवास त्याने फुकटात केला होता! आजी गाडीतूनच म्हणाल्या, “त्याचं उतरायचं ठिकाण आलं, फादर.” आमच्यापैकी त्या एकट्याच काय त्या स्वस्थ होत्या.

आत पाहतो तो एक पुरा संसार मांडलेला. पेंढ्याचे घरटे, हात पुसण्याच्या फडक्याच्या चिंध्या, भाताच्या लोंब्या आणि सर्वत्र लेंड्या. पेंढ्याच्या काही काड्या धूर बाहेर नेणाऱ्या तप्त नळीवर पडून करपल्या होत्या. आणखी अर्ध्या तासाने तेथे काय झाले असते याचा विचारही नको वाटला. हॉर्नच्या तारा तुटलेल्या होत्या आणि ब्रेकच्या मागील डब्यास जाणारी जाड रबरी नळी कुरतडून चिरली होती.

एवढ्यात खालून चढून आलेली एक लॉरी थांबली. तिचा ड्रायव्हर वयस्क व अनुभवी होता. त्याने ती नळी बोटांनी चाचपली आणि मला तिचे मर्म समजावून दिले. अशा डिझेल गाडीत इंजिनाबरोबर फिरणारा एक लहानसा पंप सतत हवा ओढून घेत असतो. ती ओढ या नळीतून ब्रेकच्या डब्यापर्यंत पोहोचते, आणि तिच्या बळावर आपल्या पायाचा अल्प दाब चाकांपाशी मोठा होतो. नळी फुटली म्हणजे ब्रेक नाहीसा होत नाही, परंतु सगळे काम पायालाच करावे लागते. नळी आधी अर्धवट कुरतडलेली असावी. म्हणून सपाटीवर तिने कसेबसे काम दिले आणि येथे ती पुरती चिरली.

“पट्टी गुंडाळून देतो,” तो म्हणाला, “पण घाट उतरायचा की नाही ते तुम्ही ठरवा.”

मी समोर पाहिले. पुढे घाटाचा उतार, वळणामागून वळण. आजी पोह्यांची पुरचुंडी घट्ट धरून माझ्याकडे पाहत होत्या. मी खोटे का बोलू? उतरावे, असे मला क्षणभर फार वाटले. तास-दीड तासात म्हापसा गाठता आले असते, आणि तिकडे एक जीव वाट पाहत होता. शिवाय सकाळच्या दुर्लक्षाची भरपाई धाडसाने करावी, असाही एक मोह त्यात होता. परंतु माझ्या चुकीचा भार त्या म्हातारीच्या व तिच्या नातवाच्या जिवावर टाकण्याचा मला काय अधिकार?

“आजी, या गाडीने तुम्हाला नेता यायचे नाही. माझी चूक झाली,” मी म्हणालो.

“मग बस असेल की,” त्या म्हणाल्या आणि उतरल्यासुद्धा.

बेळगावाहून गोव्यास जाणाऱ्या बसगाड्या या रस्त्याने असतात. पाऊण तासाने एक आली. लॉरीच्या ड्रायव्हरने रस्त्याच्या मध्ये उभे राहून ती थांबविली, आणि एका तरुणाने उठून आजींना जागा दिली. बस वळणाआड गेल्यावर त्या ड्रायव्हरने जांबोटीच्या एका मेकॅनिकास फोन लावून दिला आणि चहाचे पैसेही न घेता तो आपल्या वाटेने गेला.

मेकॅनिक मोटारसायकलवरून येईपर्यंत अडीच तास गेले. ते रस्त्याकडेला बसून काढताना मला सेमिनरीतील लॅटिनचा तास आठवला. लॅटिनमध्ये कुरतडण्यास ‘रोदेरे’ म्हणतात. त्यावरूनच इंग्रजीत या प्राण्यांच्या वर्गाचे नाव पडले. आपल्याकडील ‘कृंतक’ या शब्दाच्या मुळाशीही कापणे हाच अर्थ आहे. या प्राण्यांचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. ते झिजविल्यावाचून त्यांना गत्यंतर नाही. म्हणून तार, रबर, लाकूड असा भेद ते करीत नाहीत. थंडीच्या रात्री नुकतेच बंद केलेले इंजिन त्यांना उबदार बिळासारखे वाटते, आणि शेजारी भाताची गंजी असेल तर घर व कोठार दोन्ही मिळाले.

ही पीडा आपल्याच खेड्यांतली आहे असेही नव्हे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सेकोया राष्ट्रीय उद्यानात मिनरल किंग नावाचे खोरे आहे. तेथे खारीच्या कुळातील मार्मोट नावाचे प्राणी उन्हाळ्याच्या आरंभी उभ्या मोटारींच्या नळ्या व तारा कुरतडतात, म्हणून प्रवासी आपली संपूर्ण गाडी ताडपत्रीत गुंडाळून मग डोंगर चढावयास जातात.

मेकॅनिकाने आधी हातमोजे घातले, तोंडाला रुमाल बांधला, घरट्यावर जंतुनाशक पाणी शिंपडले आणि मगच ते उचलले. उंदरांच्या मुताने पसरणारा लेप्टोस्पायरोसिस आपल्या कोकण-गोव्यास चांगलाच परिचित आहे. तेव्हा ही घाण उघड्या हातांनी काढू नये वा कोरडी झाडून तिची धूळ उडवू नये. त्याने नवी नळी बसविली, तारा जोडून त्यांवर पट्टी गुंडाळली आणि मला ब्रेकची एक सोपी परीक्षा शिकविली. ती अशी: इंजिन बंद असताना ब्रेक चार-पाच वेळा दाबावा, तो कडक झाला म्हणजे पाय तसाच दाबून धरावा व इंजिन सुरू करावे. पायाखाली ब्रेक किंचित खाली गेला तर नळी व पंप ठीक आहेत. नाही गेला तर गाडी जागची हलवू नये. या परीक्षेस अर्धे मिनिट लागते. त्या सकाळी तेवढे अर्धे मिनिट मजजवळ नव्हते!

वाचकहो, आता आपल्या कित्येक घरी मोटारसायकल, रिक्षा वा टेंपो आहे; म्हणून आणखी दोन शब्द सांगतो. सुगीच्या दिवसांत वाहन गंजीपासून, लाकडांच्या राशीपासून व कोंबड्यांच्या खुराड्यापासून दूर, उघड्या जागी लावावे. गाडीत खाण्याचा कणही ठेवू नये. रात्री बॉनेट उघडे ठेवले तर आतला काळोख व ऊब दोन्ही कमी होतात, आणि उंदीर तेथे सहसा घर करीत नाही. काही ड्रायव्हर निपाणीकडील तंबाखूची पाने आत बांधतात. बांधावयास हरकत नाही, परंतु त्यांवर विसंबून तपासणी टाळू नये. विष मात्र गाडीत घालू नये. उंदीर आतच मरून कुजतो, आणि तो बाहेर जाऊन मेला तर त्याला खाणारे मांजर किंवा घुबडही मरते.

दुपार कलल्यावर मी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घाट उतरलो. खाली अंजुणे धरणाचे पाणी उन्हात चमकत होते. केरी, साखळी, डिचोली मागे टाकून म्हापशापलीकडील त्या घरी पोहोचलो, तेव्हा दिवेलागण झाली होती. आजी दुपारीच पोहोचल्या होत्या. त्या बहिणीच्या उशाशी बसून दुधात भिजविलेले नव्या भाताचे पोहे तिला चमच्याने भरवीत होत्या. तिने दोन घास खाल्ले होते, असे घरच्यांनी मला आनंदाने सांगितले. त्यानंतर ती अकरा दिवस जगली.

मी दारात उभा असलेला पाहून आजींनी मागे वळून विचारले, “आला काय, फादर? आता त्या झाकणाच्या आत बघितला काय?”

“बघितले, आजी,” मी म्हणालो.

त्या दिवसापासून किल्ली फिरविण्यापूर्वी मी बॉनेट उघडतो. निघण्यास कितीही उशीर झालेला असो.