पडद्यासकट मिठी

डॅनिश छायाचित्रकार मॅड्स निसेन यांनी ५ ऑगस्ट २०२० रोजी ब्राझीलमधल्या साओ पाउलो शहरातील ‘विवा बेम’ वृद्धाश्रमात टिपलेल्या छायाचित्रात ८५ वर्षांच्या आजी एका परिचारिकेच्या मिठीत आहेत. करोनामुळे मार्चपासून वृद्धाश्रमांची दारे भेटीला येणाऱ्यांसाठी बंद झाली होती. आतल्या कर्मचाऱ्यांनीही वृद्धांना शक्यतो स्पर्श करू नये, असा आदेश होता. पाच महिन्यांनी आजींना कुणीतरी जवळ घेतले. म्हणून छायाचित्राचे नाव ‘पहिले आलिंगन’. २०२१ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत ते वर्षातील सर्वोत्तम छायाचित्र ठरले.

दोघींच्या मध्ये पारदर्शक प्लास्टिकचा पडदा आहे. तो खास मिठीसाठीच केलेला. छायाचित्रकाराला मात्र असे प्लास्टिक फार जड जाते. प्रत्येक चुणीवर प्रकाश पांढरा चमकतो आणि पलीकडचा चेहरा पुसट होतो. पोलरायझर लावला तर चमक कमी होते, पण ताणलेल्या प्लास्टिकवर कधी कधी इंद्रधनुषी पट्टे उमटतात. अशा वेळी उभे कुठे राहायचे आणि उजेड कोणत्या बाजूने घ्यायचा, यावरच बहुतेक सगळे ठरते.

सोपा मार्ग म्हणजे जवळ जाऊन पडदा जमेल तेवढा चौकटीबाहेर ठेवायचा. तसे केले असते तर एक गोड, कुठल्याही काळातले चित्र हाती आले असते. निसेन यांनी पडदा ठळकपणे दाखवला. मिठीच्या ओढीने त्याच्या पिवळ्या कडा दुमडल्या आणि फुलपाखराच्या पंखांसारख्या दिसू लागल्या. मिठी सैल होताच हा आकार मोडणार, हे उघड आहे. तो टिपायला नेमक्या क्षणी दाबलेले बटणच हवे. परिचारिकेच्या तोंडावर मास्क असल्याने भाव चेहऱ्यापेक्षा शरीराच्या झुकण्यातून कळतो. या चित्रातली आशा खरी वाटते ती यामुळेच: दुरावा लपवलेला नाही, आणि तरीही स्पर्श पोहोचला आहे.

फोटोओळीचे कामही इथे मोठे आहे. स्थळ, तारीख आणि पाच महिन्यांचा उल्लेख नसेल, तर पडदा ही नुसती सजावट वाटू शकते. स्थळाच्या उल्लेखामागे आणखी एक संदर्भ आहे: ब्राझीलचे तेव्हाचे अध्यक्ष जाइर बोल्सोनारो यांनी मार्च २०२० मध्ये या आजाराला किरकोळ फ्लू म्हटले होते. पुढे करोनाच्या नोंदलेल्या मृत्यूंत अमेरिकेपाठोपाठ ब्राझीलचाच क्रमांक लागला.