कूपन वटलं कुठं?

खामगावातल्या एका कापड दुकानाचं बिलिंगचं सॉफ्टवेअर मी सांभाळते. दिवाळीच्या तोंडावर मालकांनी (आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो) जुन्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर सवलतीचं कूपन पाठवायचं ठरवलं. त्यांचा प्रश्न सरळ होता: पाठवलेल्या कूपनांपैकी किती दुकानात वटली आणि कोणाची? पेपरात पत्रकं टाकायचे तेव्हा याचं उत्तर कधी मिळालं नव्हतं.

हाताने पाठवण्यात अर्थ नव्हता. साध्या ॲपवर ब्रॉडकास्ट यादीत 256 जणच बसतात, आणि ज्यांनी दुकानाचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो. 2022 पासून मेटाने व्हॉट्सॲपचा क्लाउड एपीआय, म्हणजे सॉफ्टवेअरमधून थेट मेसेज पाठवायची सोय, सगळ्यांसाठी खुला केलाय, तो घेतला. त्यात मजकुराचा टेम्प्लेट आधी मंजूर करून घ्यावा लागतो आणि जाहिरातीच्या प्रत्येक मेसेजचे पैसे पडतात. मेसेज गेला, पोचला, वाचला की अडकला, याची वर्दी आपल्या सर्व्हरवर येते. तिला वेबहुक म्हणतात. एकच वर्दी कधी दोनदा येते, कधी ‘वाचला’ आधी आणि ‘पोचला’ मागून. म्हणून प्रत्येक मेसेजचा आयडी जपायचा आणि नोंद पुढेच सरकू द्यायची, मागे नाही.

पण ही सगळी माहिती चॅटच्या आतली. जपानमध्ये लाइन नावाच्या ॲपवर कूपन चॅटमध्येच असतं. दुकानात ते दाखवून ‘वापरलं’चं बटण दाबलं की तिथेच मोजलं जातं. आमच्याकडे मेसेज वाचल्यानंतर माणूस एसटीत बसून दुकानात आला की नाही, हे कळण्याची एकच जागा होती, बिलाचा काउंटर. तिथलं काम आम्हालाच उभं करायचं होतं.

कूपन नंबर मी सहा आकड्यांचा ठेवला, अक्षरं टाळली. गर्दीत, पंख्याच्या आवाजात, इंग्रजी अक्षरं तोंडी सांगताना गोंधळ होतो. आकडे कोणीही सांगतं. शेवटचा आकडा आधीच्या पाचांवरून हिशेबानं काढलेला, त्यामुळे ऐकण्यात एखादा चुकला तर स्क्रीन लगेच लाल होते. दोन काउंटरवर एकाच क्षणी तोच नंबर टाकला तर दोघांनाही ‘चालेल’ दिसू नये, म्हणून तपासणं आणि नोंदवणं डेटाबेसला एकाच हुकमात द्यायचं. इथवर मला काही अडचण वाटत नव्हती.

सोयाबीनचे पैसे हाती आले तशी गर्दी वाढली. एका दुपारी मोताळ्याकडचे एक आजोबा आले. नातवासाठी ड्रेस आणि घरासाठी दोन लुगडी घेतली, आणि बिलाच्या वेळी बंडीच्या खिशातून वहीच्या कागदाची घडी काढली. त्यावर पेन्सिलीने सहा आकडे, बहुधा नातीच्या अक्षरात. “माह्या पोरानं पाठवलं हे. चालते न इथं?”

नंबर खरा होता. पण कूपन ज्या मोबाइलवर गेलं तो मुलगा चाकणला कंपनीत. काउंटरवरच्या पोराने नियमाप्रमाणे ओटीपी मागितला, कारण ज्याचं कूपन त्यालाच सवलत, असं ठरलं होतं. “थो ड्युटीवर हाये, मोबाइल गेटवर जमा असते त्याचा,” आजोबा म्हणाले. मागे रांग थांबलेली. काका गल्ल्यावरून उठून आले आणि त्यांनी सवलत लावायला सांगितली.

त्या रात्री मी काकांपुढे ओटीपी काढून टाकायचा आग्रह धरला. केंद्र सरकारने 2 ऑगस्ट 2021 ला ई-रुपी व्हाउचर आणलं, तिथे ठरलेल्या माणसाने ठरलेल्याच कामासाठी ते वापरणं हाच सगळा हेतू. पैसा लोकांचा असतो, तिथे खातरजमा हवीच. आपल्या दुकानाला ती कशाला? आमच्या जिल्ह्यातलं निम्मं घर पुण्याकडे कामाला आणि निम्मं शेतात. चांगला मोबाइल मुलाकडे, खरेदी आईबापांची. मुलाने गावी नंबर कळवला आणि बाप दुकानात आला, तर ते कूपन चुकीच्या हाती पडलं असं मला मुळीच वाटत नाही. त्याचं कामच ते होतं.

काकांना पटलं, पण त्यांनी दुसरी अडचण काढली. कूपन भावकीच्या ग्रुपवर पडतं. पहिला येतो त्याला सवलत, त्याच्या मागून आलेल्या चुलत भावाला नाही, आणि तो नाराज होऊन जातो. मग तोडगा त्यांनीच सुचवला: एका कूपनावर तीन बिलं. माझ्या बाजूने ‘वापरलं’ या खुणेऐवजी मोजणी आली, आणि ‘तीनपेक्षा कमी असेल तरच एक वाढव’ हा तोच एकत्र हुकूम. काउंटरवर एक रकाना वाढवला, गाव. तालुक्यांच्या यादीतून एका टिचकीत निवडायचं.

या रकान्याने काकांची यादी वाचायची पद्धत बदलली. पुण्याचे नंबर ‘आता इथले राहिले नाहीत’ म्हणून ते यादीतून वगळणार होते. त्याच नंबरांवरून नांदुरा, मोताळा, जळगाव जामोदची बिलं निघाली. ‘वाचला नाही’ असं दिसणारेही काही जण येऊन गेले. निळ्या टिकेची सोय बंद ठेवली की वाचल्याची वर्दी आम्हाला येतच नाही. अशा लोकांना गप्प गिऱ्हाईक समजून गाळलं असतं, तर आम्हीच तोट्यात गेलो असतो.

आजोबांचा नंबर घ्यावा का, असं काउंटरवरच्या पोराने विचारलं. मी नको म्हटलं. त्यांनी विचारलेलं नाही, आणि संमतीशिवाय कोणाला जाहिरात पाठवायची नाही, हे आम्ही पाळतो. मुलाला मेसेज गेला की त्यांना कळतंच.

लग्नसराईच्या टेम्प्लेटमध्ये एक ओळ नवीन टाकलीय: ‘घरच्यांना पाठवा, दुकानात फक्त नंबर सांगा.’ मंजुरीला दिलाय. मधल्या वेळात नेट गेलं तर नंबर कुठे टिपायचे ते काउंटरवर ठरवतोय. सध्या बिलबुकाच्या मागच्या पानावर लिहितात आणि दुकान बंद करताना मी चढवते.